दिल्लीचा कायदा, मुंबईचा नियम आणि माझ्या दुकानातली रांग : आरटीईचे २५ टक्के हवेत की नकोत?

फॉर्मवाला (धागाकर्ता)

माझं पिंपरी-चिंचवडमध्ये छोटं ई-सेवा केंद्र आहे. पॅनकार्ड, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रेल्वेचं तिकीट, सगळं करतो. पण वर्षातले एक-दोन महिने दुकान निव्वळ आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळाप्रवेशाच्या फॉर्मचं असतं. एका फॉर्मला वीस मिनिटं लागतात आणि त्यातली पंधरा नकाशावर घर शोधण्यात जातात.

परवा एक बाई आल्या होत्या. तीन सोसायट्यांत घरकाम करतात. म्हटलं, ताई, घर कुठंय ते नकाशावर दाखवा. त्यांनी मारुतीच्या देवळापासून सुरुवात केली. "हे देऊळ, हितनं पिठाची गिरणी, गिरणीच्या मागं बोळ." बोळ नकाशात नव्हताच. पिन टाकली की ती नाल्यात पडायची. त्यांना हवी ती शाळा घरापासून ९८० मीटरवर. पिन जरा इकडं सरकली की अंतर एक किलोमीटरच्या पुढं, म्हणजे प्राधान्य गेलं. नाल्यातच ठेवली तर उद्या पडताळणीत पत्ता जुळत नाही म्हणून प्रवेश रद्द. चौथ्या वेळेला पिन पत्र्यावर बसली तेव्हा त्यांनी हात जोडले. मला नाही, मॉनिटरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा संसदेचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या (किंवा बालवाडी असेल तर तिथल्या) २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. आठवीपर्यंत फी नाही. फीचा परतावा सरकार शाळेला देणार. महाराष्ट्रात साधारण नऊ हजार शाळा, लाखभर जागा आणि अर्ज तीन लाखांच्या आसपास. म्हणून लॉटरी.

आता माझं म्हणणं. हा कायदा दिल्लीचा होता म्हणून टिकला. ९ फेब्रुवारी २०२४ ला आपल्याच राज्य सरकारने नियमात बदल केला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. शहरात अशी कुठली जागा आहे जिथं किलोमीटरभरात मनपाची शाळा नाही? कागदावर जागा आठ लाखांच्या वर गेल्या, कारण झेडपीच्या आणि अनुदानित शाळाही यादीत घातल्या, जिथं तसंही फुकटच आहे. अर्ज लाखभरही आले नाहीत. माझ्या दुकानात त्या वर्षी लोक यायचे, यादी बघायचे आणि फॉर्म न भरता परत जायचे. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. नव्याने अर्ज मागवले तर तेच अर्ज दोन लाखांच्या वर गेले. १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्दच झाला, कारण मूळ कायद्याला छेद देणारा नियम राज्याला करता येत नाही. शिक्षण पूर्णपणे राज्याच्या हातात असतं तर ती बाई आज माझ्या दुकानात आली असती का?

विरोधी मतं ऐकायची आहेत. शिव्या नकोत.

---

भाड्याची_वर्गखोली

शिव्या देत नाही, हिशेब देतो.

नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझी इंग्रजी शाळा आहे. शाळा म्हटलं की लोकांना स्विमिंग पूल दिसतो. माझ्याकडे पत्र्याच्या सहा आणि स्लॅबच्या पाच खोल्या आहेत. पहिली ते आठवी २८० मुलं, त्यातली ७० आरटीईची. फी १५ हजार. सरकारचा दर वर्षाला १७,६७०, पण कायदा म्हणतो तुमची फी किंवा सरकारचा खर्च, जे कमी असेल ते. म्हणजे माझं येणं साडेदहा लाख रुपये दर वर्षी. गेल्या तीन वर्षांत मिळून एका वर्षाचेही पुरते आलेले नाहीत, तेही तुकड्या-तुकड्यानं. करोनाच्या वर्षी तर दरच १७,६७० वरून ८,००० वर आणला. शाळा बंद होत्या म्हणे. माझ्या शिक्षिका ऑनलाइन शिकवत होत्या, त्यांचा पगार बंद नव्हता हो.

किराणा दुकानदाराला सांगा की प्रत्येक चौथ्या गिऱ्हाईकाला माल फुकट दे, बिल आम्ही भरू, कधी ते विचारायचं नाही. किती दिवस चालेल दुकान? मी मार्चमध्ये सोसायटीचं कर्ज काढून पगार करतो. शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे ना? मग सरकारने स्वतःच्या शाळा नीट चालवाव्यात. त्या नीट चालत नाहीत हे कबूल करायचं नाही आणि माझ्या दारात लॉटरी लावायची.

अजून एक. वंचित घटकात जातीच्या दाखल्यावर उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकाला एक लाखाची मर्यादा. माझ्याकडे आरटीईतल्या एका पोराला सोडायला फॉर्च्युनर येते. त्याच्या मागून चालत येणारी दोन पोरं फी भरून शिकतात, कारण त्यांच्या बापाच्या दाखल्यावर एक लाख वीस हजार लागलेत.

---

फॉर्मवाला

@भाड्याची_वर्गखोली, थकबाकीवर तुमच्या बाजूने आहे. फॉर्च्युनरवाला माझ्याकडेही येतो, खोटं बोलत नाही. पण ७० पैकी किती फॉर्च्युनर? एकच ना? बाकीच्या ६९ चं काय करायचं?

---

भाड्याची_वर्गखोली

६९ ची फी पाठवा, मी त्यांना डोक्यावर घेतो.

---

खडूफळा

मी तिसऱ्या बाजूने बोलतो. झेडपीचा शिक्षक आहे, मराठवाड्यात. २२ वर्षं झाली.

तुम्ही दोघं २५ टक्क्यांवर भांडताय. त्या २५ टक्क्यांतली पोरं आकाशातून पडतात का? ती आमच्या वर्गातून जातात. आमच्या गावात सकाळी साडेआठला पिवळी बस येते. दोन वर्षांपूर्वी गावातली पहिलीच्या वयाची नऊ मुलं होती. पाच बसमध्ये बसली, चार माझ्याकडे. जी गेली ती कुणाची? ज्यांच्या आईबापाला ऑनलाइन फॉर्म म्हणजे काय ते कळतं, जे तालुक्याला जाऊन दाखले काढू शकतात त्यांची. उरली ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची. त्यांची पोरं दिवाळीनंतर सहा महिने फडावर असतात. त्यांना लॉटरी लागून उपयोग काय?

आमची शाळा पहिली ते सातवी. सहावी-सातवी मिळून १७ मुलं. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायचा, जीआर आला. पट वीसच्या खाली गेला की वरच्या वर्गांना पदच मंजूर नाही. माझा जोडीदार अतिरिक्त ठरला. गणित-विज्ञान तोच शिकवायचा. आता सहावीचं अपूर्णांकाचं गणित मी शिकवतो, शेजारच्या खोलीत तिसरीला पाढे लिहायला लावून.

म्हणजे बघा, सरकार बाहेरच्या शाळेला पोरामागे पैसे देऊन पोर नेणार, मग म्हणणार तुमचा पट कमी झाला, शिक्षक काढतो. दोन्ही सह्या एकाच खात्याच्या.

---

कलमबहाद्दर

खडूफळा सर, तुमच्या उदाहरणात धागाकर्त्याचाच मुद्दा आहे, फक्त तुम्ही तो उलट्या बाजूने धरलाय.

शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे, ते फार कमी लोक वाचतात. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. सहावी ते आठवीत प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, म्हणजे विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना प्रत्येकी निदान एक असेल असं. तिथं वीसची अट नाही. म्हणजे दिल्लीचा कायदा तुमच्या जोडीदाराला ठेवायला सांगतो आणि मुंबईचा जीआर त्याला काढतो. तुमचा राग कायद्यावर नको, कायदा न पाळणाऱ्यावर हवा.

थोडी पार्श्वभूमी. शिक्षण आधी राज्यसूचीत होतं. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आलं. २००२ च्या ८६व्या दुरुस्तीने २१-अ हा अनुच्छेद आला, ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा मूलभूत हक्क. त्यावर २००९ चा कायदा. २५ टक्क्यांना राजस्थानच्या खासगी शाळांनी आव्हान दिलं, एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २ विरुद्ध १ मतांनी कायदा उचलून धरला. २०१४ च्या प्रमती निकालाने मात्र अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत की नसोत, अख्ख्या कायद्यातूनच वगळलं. त्यानंतर अल्पसंख्याक दर्जाचा अर्ज करायची किती संस्थांना हौस आली, हे पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही पालकाला विचारा.

---

सह्याद्रीचा_कडा

मूळ प्रश्नालाच विरोध. "दिल्लीचा म्हणून टिकला" हे गृहीतकच चूक.

सक्तीचं मोफत शिक्षण या देशात पहिल्यांदा कोणी दिलं? बडोद्यात सयाजीरावांनी, १९०६ ला अख्ख्या संस्थानात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला, पोर शाळेत पाठवलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. आणि केंद्रात काय चाललं होतं? १९११ ला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं, पुढच्या वर्षी ते पाडलं. पैसा नाही, लोक तयार नाहीत, ही कारणं. म्हणजे जवळच्याला जमलं, लांबच्याला जमलं नाही.

आणि आजचं बघा. केंद्र कायदा करतं आणि पैशाची चावी स्वतःच्या कमरेला ठेवतं. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेचे पैसे ६०-४०, साठ केंद्राचे, चाळीस राज्याचे. तामिळनाडूने पीएम श्री या केंद्राच्या आदर्श शाळांच्या योजनेचा करार केला नाही, राष्ट्रीय धोरणातलं त्रिभाषा सूत्र मान्य नाही म्हणाले, तर २०२४-२५ चे दोन हजार कोटींच्या वरचे पैसे अडले. तिथं २०२५-२६ चे आरटीई प्रवेश वेळेवर सुरूच झाले नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आरटीईचे पैसे धोरणाशी बांधू नका. भाषेचं भांडण दोन सरकारांचं, आणि बसलं कोण घरी? सहा वर्षांचं पोर.

आपल्याकडे तरी वेगळं काय? १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा जीआर, कारण काय तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. जून १७ ला नव्या जीआरमध्ये सक्तीऐवजी "सर्वसाधारणपणे" हिंदी, अशी शब्दांची कोलांटी. २९ जूनला दोन्ही जीआर मागे. धोरणात हिंदीच हवी असं लिहिलेलंच नाही! दिल्लीचं नाव घेतलं की मुंबईत कोण प्रश्न विचारत नाही, हा केंद्रीकरणाचा खरा तोटा.

---

कलमबहाद्दर

सह्याद्रीकाका, महाराज दोन. बाकीचे साडेपाचशे संस्थानिक त्या वेळी काय करत होते? वाघ मारत होते. कोल्हापुरात जन्मलेल्या पोराचं नशीब आणि शेजारच्या संस्थानात जन्मलेल्याचं नशीब वेगळं असू नये म्हणूनच गोखले केंद्रात गेले ना?

तामिळनाडूवर सहमत. तो केंद्राचा आडमुठेपणाच. पण एक फरक ध्यानात ठेवा, धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरण न पाळल्याबद्दल कोर्ट कुणाला दंड करत नाही. कायद्याने दिलेला पैसा धोरणासाठी अडवणं, हीच तर त्यातली गोम.

---

सह्याद्रीचा_कडा

वाघाचं बरोबर आहे 😀 पण मग सयाजीरावांचं अनुकरण बाकीच्यांनी हळूहळू केलंच असतं. मुंबई प्रांताचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१८ ला आलाच की.

---

एडिसनचा_अण्णा

न्यू जर्सीतून. इथली संघराज्याची गंमत सांगतो, तुमच्या भांडणाला फोडणी.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही. टेक्सासातल्या गरीब वस्तीच्या पालकांनी दावा लावला की आमच्या शाळांना पैसे कमी मिळतात, तर १९७३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही. शाळेचा पैसा मुख्यतः गावाच्या प्रॉपर्टी टॅक्समधून आणि राज्याकडून. वॉशिंग्टनचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चांगली शाळा हवी तर महाग घर घ्या. आमच्या सगळ्या मराठी मंडळींनी हेच केलंय. घर बघताना आधी शाळेचं रेटिंग बघतो, मग किचन. याला कोणी २५ टक्के म्हणत नाही, पण गरीबाला दार बंदच.

तरी वॉशिंग्टनचा एक कायदा मला डोळ्यांसमोर दिसतो. माझा धाकटा बोलायला उशिरा लागला. शाळेने मीटिंग बोलावली. टेबलाभोवती सहा माणसं, वर्गशिक्षिका, स्पीच थेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, आणि एक बाई फक्त कागदपत्रं बघायला. वर्षभरात याला काय आलं पाहिजे ते ओळीओळीने लिहिलं आणि शेवटी मला विचारलं, तुम्हाला मान्य आहे का? नसेल तर सही करू नका. मी सांगलीत शिकलेला माणूस. शाळेने बापाची मान्यता विचारलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. हे सगळं १९७५ च्या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या संघराज्यीय कायद्यामुळे. त्याआधी अशा मुलांना शाळा सरळ नाही म्हणू शकायच्या.

पण भाड्याची_वर्गखोली यांचं दुखणं इथंही आहे बरं का. त्या कायद्यात वॉशिंग्टनने जादा खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचं ठरलं होतं. पन्नास वर्षं झाली, देतात १५ टक्क्यांहून कमी. बाकी आमचं गाव भरतं आणि दर वर्षी बजेटच्या सभेत कुणीतरी उठून म्हणतं की "त्या मुलांवर" एवढा खर्च का. ते "त्या" ऐकलं की माझं डोकं उठतं.

उलटही झालंय. २००२ चा कायदा म्हणाला २०१४ पर्यंत देशातलं शंभर टक्के मूल वाचन-गणितात पास. शंभर टक्के! तिसरी ते आठवी दर वर्षी परीक्षा. शाळांनी चित्रकला, संगीत गुंडाळून परीक्षेची घोकंपट्टी केली. २०१५ ला नवा कायदा करून लक्ष्य आणि शिक्षा राज्यांकडे ढकलल्या, परीक्षा मात्र राहिल्या. आणि २०२५ च्या मार्चमध्ये तर संघराज्याचं शिक्षण खातंच बंद करायच्या दिशेने अध्यक्षांनी आदेश काढला. खातं पूर्ण बंद करायला संसद लागते, पण माणसं निम्म्याच्या आसपास घरी पाठवली. आता तक्रार करायची तर फोन कोण उचलणार?

---

खडूफळा

अण्णा, परीक्षेवरून आठवलं. आपल्याकडे आधी आठवीपर्यंत नापास करायचं नाही, कलम १६. मग २०१९ ला दुरुस्ती, पाचवी-आठवीला राज्याला वाटलं तर नापास करा. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून परीक्षा आणली, २०२४ च्या डिसेंबरात केंद्रानेही आपल्या शाळांपुरतं तेच केलं. मी दोन्ही पाहिलं. नापास बंद होतं तेव्हा आठवीत आलेल्या पोराला जोडाक्षर येत नव्हतं हे खरंय. पण का येत नव्हतं? नापास न केल्याने? की त्याच्या वर्गाला वर्षभर शिक्षक नव्हता म्हणून? पोराला त्याच वर्गात पुन्हा बसवलं तरी शिक्षक तोच, म्हणजे नसलेलाच.

आणि एक कायद्याची काठी आम्हालाही बसली. १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्या प्रत्येक शिक्षकाने दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची, नाहीतर घरी. मी लागलो तेव्हा टीईटी ही चीजच नव्हती. ४६ व्या वर्षी बालमानसशास्त्राची गाइडं घेऊन बसलोय, बायको चहा आणून देते आणि मुलगी म्हणते, "पप्पा, अभ्यास झाला का?"

---

आठवीची_आई

मी पहिल्यांदाच लिहिते. चूक झाली तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी २०१८ ला आरटीईतून पहिलीत लागली. यंदा आठवी. नवरा रिक्षा चालवतो, मी शिवणकाम करते. लॉटरीचा मेसेज आला तेव्हा मी मशीनवर होते, एका ब्लाउजची बाही उलटी लावली त्या आनंदात.

शाळेने पहिल्या वर्षी पुस्तकं-वह्यांचे सहा हजार घेतले. पावतीवर "स्टेशनरी". गणवेश त्यांच्याच दुकानातून. ते मी शिवून दिले असते, पण तसं चालत नाही म्हणाले. स्नेहसंमेलनाला ड्रेसचे पैसे वेगळे, नाही भरले तर नाचात नाही. तिसरीत असताना एकदा वर्गात मॅडम म्हणाल्या, "आरटीईवाले उभे राहा", आधार कार्डची झेरॉक्स हवी होती म्हणून. पोरगी घरी येऊन विचारते, आई, आरटीईवाले म्हणजे कोण? मी म्हटलं, लॉटरी लागलेले. नशीबवान. तिला ते पटलं. मला नाही पटलं.

पण शिकवलं चांगलं, ते खोटं सांगणार नाही. ती इंग्रजीत भांडते आता आमच्याशी.

माझा प्रश्न एकच आहे. जूनमध्ये नववी. शाळेने सांगितलंय फी ६२ हजार. आठवीपर्यंतच कायदा आहे म्हणे. आठ वर्षं इंग्रजीत शिकलेली पोरगी आता मराठी शाळेत घालू? तुम्ही सगळे शिकलेले आहात. हा कायदा करताना कोणी विचार केला नाही का की पोरगी चौदा वर्षांची झाली की थांबत नाही?

---

कलमबहाद्दर

ताई, आधी पुस्तकांचं. कलम ३ म्हणतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात आड येईल अशी कुठलीही फी किंवा खर्च मुलाकडून घेता येत नाही. पावतीवर "स्टेशनरी" लिहिल्याने ते कायदेशीर होत नाही. पावत्या असतील तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पोच घ्या.

नववीचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. २१-अ मध्येच ६ ते १४ लिहिलंय. १४ वरून १८ करायचं तर घटनादुरुस्ती किंवा निदान संसदेचा कायदा हवा. राज्यानं ठरवलं तर नववी-दहावीची फी स्वतः भरू शकतं, कायदा त्याला अडवत नाही.

---

भाड्याची_वर्गखोली

ताई, मी संस्थाचालक आहे, या धाग्यावरचा खलनायक समजा. तुमच्या शाळेने उभं केलं ते चूक. आमच्याकडे हजेरीत आरटीई लिहीत नाही, पण ऑफिसात वेगळी फाइल आहे आणि कारकून कधीकधी नावापुढं तांबड्या पेनाने खूण करतो. तुमचं वाचून आत्ता जाऊन बघितलं. १८ नावांपुढं खूण होती. वहीच बदलायला सांगितली.

तरी माझं मत तेच. परतावा थेट मुलाच्या नावाने, दर महिन्याला, केंद्राने पाठवावा. मध्ये राज्य नको, जिल्हा नको, पंचायत समिती नको. कायदा त्यांचा, तर बिलही त्यांचं.

---

सह्याद्रीचा_कडा

म्हणजे तुम्हीही शेवटी दिल्लीलाच साकडं घातलंत! उद्या त्यांनी म्हटलं की पैसे हवेत तर अमुक भाषा शिकवा, मग?

---

भाड्याची_वर्गखोली

अहो, इंग्रजी शाळा चालवतो मी. भाषेचा प्रश्न मला विचारू नका, मार खाईन.

---

खडूफळा

आणि आमच्याकडची चार? मी पुन्हा तिथंच येतो. पैसे थेट पोराच्या नावाने जाऊ लागले की गावात दुसरी पिवळी बस येईल. मग चाराची दोन होतील. तेव्हा तुम्ही म्हणाल, दोन पोरांसाठी शाळा कशाला.

---

फॉर्मवाला

@खडूफळा सर, तुमच्या चारांना माझ्याकडे उत्तर नाही. खरं सांगायचं तर तो विचार मी केलाच नव्हता, कारण माझ्या दुकानात येतात ते फॉर्म भरणारेच. न भरणारे मला दिसत नाहीत. २५ टक्के दिल्लीने लिहिले ते बरं केलं, या मतावर मी आहेच. पण त्याच कायद्याचं परिशिष्ट, कलमबहाद्दरांनी सांगितलं ते, त्यासाठी कोणी कोर्टात का जात नाही? खासगी जागांसाठी पालक गेले, बातम्या झाल्या. तुमच्या सहावी-सातवीच्या १७ पोरांचे पालक फडावर आहेत, ते कुठं जाणार? आता माझं म्हणणं एवढंच आहे, की दोन्हींसाठी एकाच कायद्याखाली भांडता येतं, आणि आपण निम्म्यासाठीच भांडतोय.

@आठवीची_आई, तुमच्या गावातल्या किंवा जवळच्या अनुदानित शाळेत सेमी-इंग्रजी नववी आहे का बघा. गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं, फी फार नसते. जूनपर्यंत थांबू नका, फेब्रुवारी-मार्चमध्येच मुख्याध्यापकांना भेटून या.

---

आठवीची_आई

बरं. उद्याच जाते. आणि दादा, माझ्या नणंदेचा मुलगा यंदा पहिलीला आहे. फॉर्म कुठं भरू? तिचं घर भाड्याचं आहे.

---

फॉर्मवाला

भाडेकरार नोंदणी केलेला हवा, नोटरीचा साधा कागद चालत नाही. तारीख फॉर्म भरायच्या आधीची असू द्या. जातीचा दाखला असेल तर तो, नसेल तर उत्पन्नाचा आताच काढायला टाका, तहसीलला गर्दी होते. जन्मदाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा. आणि नकाशावर पिन टाकताना सॅटेलाइटवर करून टाका, पत्रा नीट दिसतो. मोबाइल नंबर तोच द्या जो वर्षभर चालू राहील. मागच्या वर्षी एकाला लॉटरी लागली आणि त्याचं रिचार्ज संपलं होतं.